प्रतिसाद: खरी अडचण मोबाइल नंबरची

'जेलात सुतारकाम शिकून काय उपयोग, बाहेर कोण दारात उभं करतंय,' असं वर लिहिलंय. निम्मं खरं. कोल्हापूरच्या उद्यमनगरात ज्या पॅटर्न शॉपचा (ओतकामाच्या साच्यांसाठी लाकडी नमुने करणारं दुकान) हिशेब मी बघतो, तिथं कळंबा जेलातून सुटलेला एकजण आहे. पाणी प्यायला जातानाही अजून परवानगी विचारतो, पण लाकडावर हात असा की मालकानं पुढची चौकशीच केली नाही. अडलं ते पगाराला. आत असताना नंबर बंद पडून दुसऱ्याच कुणाला गेलेला, आधारला तोच जोडलेला, मग ओटीपी येणार कुठनं? दोन वर्षं व्यवहार नसला की खातं निष्क्रिय, तेही झालेलं. आधार केंद्रावर ठसे देऊन नवा नंबर, मग बँकेत केवायसी. तोवर पगार रोख. घरच्यांनी जुन्या नंबरला अधनंमधनं रिचार्ज मारला असता तर निम्मी पायपीट वाचली असती.

सुटून आल्यावर धंद्याला कर्ज मिळतं का, असं कुणीतरी विचारलंय. राज्य सहकारी बँकेनं २०२२ मध्ये येरवडा जेलात 'जिव्हाळा' ही कैद्यांसाठी कर्ज योजना सुरू केली: ५० हजारांपर्यंत, ७ टक्के व्याज, फेड कैद्याच्या आतल्या मजुरीतून. म्हणजे ती आत असतानाची सोय, सुटून आल्यावर धंदा टाकायला नव्हे.