शुगर आत्ताच निघाली, लगेच डोळे कशाला तपासायचे?

बाबांना मागच्या आठवड्यात डायबेटिस निघाला, एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर) ९.४. डॉक्टर म्हणाले रेटिना, म्हणजे डोळ्याच्या आतला पडदा, दाखवून घ्या, पण बाबा म्हणतात मला पेपर नीट वाचता येतो, उगाच खर्च कशाला. खरंच गरज आहे का?

सातारकर: दाखवाच. टाईप २ शुगर (बहुतेक मोठ्या माणसांना होते ती) कळायच्या आधी कित्येक वर्षं गुपचूप वाढलेली असते, म्हणून निदान झालं की लगेच तपासायचं. टाईप १ (शरीरात इन्सुलिन जवळजवळ बनतच नाही तो प्रकार) असेल तर निदानापासून ५ वर्षांच्या आत चालतं. पडद्यावर बारीक रक्तस्राव असले तरी सुरुवातीला नजर चांगलीच असते, दिसेनासं झालं की मग धावाधाव.

मीनल_ताई: आणि चष्म्याच्या दुकानात नंबर काढला म्हणजे झालं असं नाही हां, थेंब टाकून बाहुली मोठी करून आतला पडदा बघतात, नंतर काही तास सगळं धूसर आणि उन्हात डोळे दिपतात, त्यामुळे बाबांना स्कूटर चालवू देऊ नका. नवा चष्माही आत्ता नको, शुगर खालीवर होताना नंबर बदलतो.

सातारकर: हो, शिवाय शुगर झपाट्याने खाली आणली तर आधीचा रेटिनाचा त्रास काही काळ वाढूही शकतो, म्हणून सुरुवातीलाच बघितलेलं बरं. औषधं मात्र बंद करायची नाहीत!