विषय: लेबकुखनचं (मसालेदार जर्मन बिस्किटाचं) घर कोसळलं, शनिवारपर्यंत उपाय सांगा

सर्वांना नमस्कार,
काल मुलांना घेऊन घरीच लेबकुखनचं घर करायला बसले. भिंती उभ्या राहिल्या, छप्पर ठेवलं आणि दहाच मिनिटांत सगळं घसरून खाली आलं. धाकटा रडत रडतच झोपला. शनिवारी परत करू म्हणून कबूल केलंय. आमच्याकडे अंडं चालत नाही, म्हणून पिठीसाखर लिंबाच्या रसात कालवली होती. कुठे चुकलं असेल?
— जर्मनीतल्या फ्युर्थहून

उत्तर:
अगं, रस जास्त झाला असणार. २५० ग्रॅम पिठीसाखरेला दोन मोठे चमचे रस पुरतो, तोही थेंबथेंब. चमचा उलटा धरला तरी पडता कामा नये. याहून पक्कं हवं तर डब्यातल्या छोल्यांचं पाणी फेसून त्यात साखर घाल. अंड्याच्या पांढऱ्यासारखंच कडक वाळतं.

आणि घाई नको. भिंती शुक्रवारी, छप्पर शनिवारी. रात्रभर भिंतींना वाट्यांचा टेकू दे. ओव्हनमधून काढल्याबरोबर, गरम असतानाच कडा पुठ्ठ्याच्या मापाने सरळ कापून घे. गार झाल्यावर तुकडे पडतात. तयार घर स्वयंपाकघरात ठेवू नकोस, कुकरच्या वाफेने सादळतं.

खिडक्या मात्र मुलांनाच करू दे. ग्रिम बंधूंच्या १८१२ सालच्या ‘हॅन्सेल आणि ग्रेटेल’ गोष्टीतल्या घरालाही साखरेच्याच खिडक्या आहेत. लिमलेटच्या गोळ्या कुटायच्या आणि भाजून व्हायच्या पाचेक मिनिटं आधी भोकांत भरायच्या. वितळून रंगीत काच होते. मागे दिवा धरलास की बघ त्यांचे चेहरे.

आमची लेक भिंत दोन्ही तळव्यांनी धरून शंभरापर्यंत मोजायची. एकोणसाठला दरवर्षी अडायची आणि ‘पन्नास-नऊ’ म्हणून पुढे जायची. तोवर साखरेने धरलेलं असायचं. दिवाळीच्या किल्ल्याला मोठी माणसं माती आणून द्यायची ना, तेवढंच तू कर. चिमणी वाकडी बसली तर वाकडीच राहू दे.
— एर्लांगेनची काकू

ता. क. सजावटीच्या जेलीच्या अस्वलांत बहुतेक वेळा जिलेटिन असतं, म्हणजे प्राण्यांपासूनचं; पुडा वाचून घे.

उत्तर:
काकू, रविवार सकाळ झाली, घर उभं आहे! छोल्यांचं पाणी वापरलं. एक खिडकी तडकली, तिथे धाकट्याने बदाम चिकटवलाय. आणि दिवाळीच्या खोक्यातून मावळा शोधून आणून दारात पहाऱ्याला उभा केलाय.