खोकला अंगावर काढणारा कामगार आणि चिंपांझींच्या जंगलातील नियम

अंबडकर यांचा प्रश्न

नमस्कार. अंबड औद्योगिक वसाहतीतील एका मध्यम आकाराच्या कारखान्यात मी सुरक्षा आणि आरोग्य विभागाचे काम पाहतो. गेल्या हिवाळ्यात आमच्या असेंब्ली लाइनवरील एका कामगाराला सर्दी-ताप झाला. त्याने चार दिवस ताप अंगावर काढला आणि कामावर येणे चालूच ठेवले. पुढच्या पंधरवड्यात त्या लाइनवरील निम्म्याहून अधिक माणसे आजारी पडली आणि अखेरीस एक पाळी बंद ठेवावी लागली. महिनाभर एकही खाडा न करणाऱ्यास आमच्याकडे हजेरी भत्ता मिळतो, हे इथे मुद्दाम नमूद करतो.

या प्रसंगाविषयी जेवणाच्या सुट्टीत बोलणे चालले असताना प्राणिशास्त्र शिकणारी एका सहकाऱ्याची कन्या म्हणाली की, आफ्रिकेतील ज्या जंगलांत चिंपांझींचा अभ्यास चालतो, तेथे साधी सर्दी झालेल्या माणसालाही जंगलात पाऊल टाकू देत नाहीत, आणि बाहेरून आलेल्या धडधाकट माणसालाही काही दिवस वेगळे राहावे लागते. हे खरे आहे का, कोणत्या अनुभवातून हे नियम आले, आणि मुख्य म्हणजे त्यांचा खरोखर उपयोग होतो का, हे जाणकारांनी सांगावे. आमच्या व्यवस्थापनापुढे एक टिपण ठेवायचे आहे; त्यात ऐकीव माहिती नको.

निवृत्त पशुवैद्य, सिन्नर

आपण ऐकले ते खरे आहे, आणि हे नियम कोणाच्या अतिसावधपणातून नव्हे, तर मेलेल्या चिंपांझींच्या मोजदादीतून तयार झालेले आहेत.

जेन गुडॉल यांनी टांझानियातील गोंबे येथे १९६० मध्ये निरीक्षणे सुरू केली. त्या काळी चिंपांझींना केळी देऊन जवळ आणले जाई, आणि आपला आजार त्यांना लागेल ही शंका फारशी कोणाच्या मनात नव्हती. १९६६ मध्ये तेथे पोलिओसारख्या आजाराची साथ आली. काही चिंपांझी मेले, काहींचे हात किंवा पाय कायमचे लुळे पडले, आणि मग पोलिओची लस केळ्यांत घालून उरलेल्यांना देण्यात आली. ज्या केळ्यांनी त्यांना माणसांच्या इतके जवळ आणले, त्याच केळ्यांतून औषध द्यावे लागले.

खरा धक्का मात्र बसला आयव्हरी कोस्टमधील ताई राष्ट्रीय उद्यानात. क्रिस्टोफ बोएश यांनी तेथे १९७९ पासून चिंपांझींचा अभ्यास चालवला होता. १९९९, २००४ आणि २००६ या वर्षांत तेथे श्वसनविकाराच्या साथी आल्या आणि अनेक प्राणी दगावले. मृत चिंपांझींच्या फुप्फुसांतील नमुने तपासले तेव्हा त्यांत आरएसव्ही आणि मेटान्यूमोव्हायरस हे माणसांचे विषाणू सापडले, आणि हे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. आरएसव्हीचे नाव बालरोगतज्ज्ञाकडे बसलेल्या पुष्कळ पालकांनी ऐकलेले असते. धडधाकट मोठ्या माणसाला त्याने दोन दिवस नाक गळण्यापलीकडे बहुधा काही होत नाही. चिंपांझींमध्ये मात्र त्या विषाणूच्या मागोमाग न्यूमोकॉकस जिवाणूंनी फुप्फुसांत ठाण मांडले आणि न्यूमोनियाने प्राणी गेले. जी माणसे त्यांना वाचवण्यासाठी तेथे राहत होती, त्यांच्याच खोकल्याने ते मरत होते, हे कबूल करणे संशोधकांना किती जड गेले असेल याची कल्पना करून पाहावी.

युगांडातील किबाले जंगलातही हेच घडले. २०१३ मध्ये कन्यावारा येथील ५६ चिंपांझींपैकी ५ प्राणी रायनोव्हायरस-सी या विषाणूने दगावले. हा विषाणू आपल्याकडे पडशापुरताच ओळखला जातो. पण माणसांतील ज्या जनुकीय रूपाचा मुलांमधील तीव्र दम्याशी संबंध आहे, तेच रूप तपासलेल्या सर्व चिंपांझींमध्ये आढळले, म्हणजे या विषाणूसाठी त्यांच्या पेशींचे दार उघडेच होते. २०१६ च्या अखेरीस त्याच जंगलातील एन्गोगो गटात मेटान्यूमोव्हायरस शिरला आणि २०५ पैकी २५ चिंपांझी मेले. त्याच सुमारास शेजारच्या कन्यावारा गटात माणसांचाच दुसरा एक विषाणू पसरला होता. तेथे बहुतेक प्राणी आजारी पडले, पण एकही दगावला नाही. एकाच जंगलात, एकाच ऋतूत दोन गटांत दोन निरनिराळे विषाणू आले, याचा अर्थ आजार बाहेरून निदान दोनदा स्वतंत्रपणे आत आला असावा.

संसर्ग उलट्या दिशेनेही होतो, आणि आपल्या खात्याच्या दृष्टीने ती बाजू अधिक महत्त्वाची आहे. १९९४ मध्ये ताई येथेच मेलेल्या चिंपांझीचे शवविच्छेदन केल्यानंतर एक संशोधिका तापाने आजारी पडल्या, आणि त्यांच्या रक्तातून इबोलाचा तोवर माहीत नसलेला प्रकार सापडला. त्या बऱ्या झाल्या. त्या वेळी हातमोजे होते, पण तोंडावर मुखपट्टी किंवा अंगावर संरक्षक झगा नव्हता. २००१ नंतर त्याच जंगलात काळपुळीने, म्हणजे अँथ्रॅक्सने, चिंपांझी मरत असल्याचे उघड झाले. आता तेथे मेलेला प्राणी आढळल्यास प्रशिक्षित पशुवैद्याने पूर्ण संरक्षक पोशाख घातल्याखेरीज त्याला हात लावायचा नाही, असा दंडक आहे. एरवीची तपासणीही प्राण्याला न पकडता, त्याची विष्ठा, मूत्र आणि चघळून थुंकलेले फळांचे चोथे गोळा करून केली जाते.

मग माणसांनी जंगल सोडून यावे, हा सोपा उपाय वाटेल. पण तोही करता येत नाही, कारण जेथे संशोधकांची ये-जा असते तेथे चोरटी शिकार कमी होते आणि चिंपांझी अधिक संख्येने टिकून राहतात, असे ताईमधील पाहणीत दिसले आहे. म्हणून राहायचे, पण नियमाने राहायचे, असा मार्ग निघाला. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने २०१५ मध्ये यासाठी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली : मुखपट्टी, प्राण्यांपासून ठरावीक अंतर, नव्याने आलेल्यांचे विलगीकरण, लसीकरण, आणि स्थानिक वाटाड्यांपासून स्वयंपाक्यापर्यंत सर्वांसाठी आरोग्य कार्यक्रम. सात मीटरचे जे अंतर रूढ होते, ते कोविडच्या काळात किमान दहा मीटर करण्यात आले. जंगलात थुंकण्यास मनाई आहे, हे वेगळे सांगायला नको. आपल्याकडे हा नियम भिंतीवर रंगवलेला असतो.

गंगाघाट

वरील माहिती उत्तम आहे, तरी तिचा कारखान्याशी जोडलेला संबंध मला ओढूनताणून आणलेला वाटतो. चिंपांझींच्या शरीराला या विषाणूंची ओळख नाही, म्हणून ते मरतात. आपल्या कामगाराला लहानपणापासून दर हिवाळ्यात हेच पडसे होत आलेले आहे. जेथे शंभरात बारा जीव जातात तेथले नियम, जेथे फार तर दोन दिवसांचा खाडा होतो तेथे लावणे म्हणजे चिलटासाठी तोफ आणणे होय. मास्क, अंतर, विलगीकरण हे सर्व आपण २०२० मध्ये सोसले आहे. त्या नावानेच लोक आता वैतागतात. या संशोधनातून नाशिककरांनी काही घ्यायचेच असेल, तर त्र्यंबकेश्वरला आणि सप्तशृंगी गडावर माकडांना हाताने बिस्किटे भरवणे थांबवावे. तेथे खरोखरच माणूस आणि माकड यांच्यात वीतभरही अंतर नसते.

सूक्ष्मजीवशास्त्राची शिक्षिका

गंगाघाट यांचा आक्षेप अर्धा मान्य आहे. मृत्यूचे प्रमाण दोन्हीकडे सारखे नाही आणि कारखान्यात कोणी दहा मीटर अंतर मागतही नाही. परंतु अंबडकरांनी विचारले होते की या नियमांचा उपयोग होतो का, आणि त्याचे उत्तर अद्याप कोणी दिलेले नाही. ते मोजून पाहण्याचा प्रयत्न ताई येथेच झाला आहे, आणि त्यातून जे निघाले ते मला नियमांपेक्षाही अधिक बोलके वाटते.

ताईच्या तळावर बाहेरून येणाऱ्या प्रत्येकाला पाच दिवस वेगळे ठेवले जाते. या पाच दिवसांनी काय साधते हे पाहण्यासाठी वर्षभर विलगीकरणातील माणसांच्या घशाचे २६२ नमुने तपासण्यात आले. हा अभ्यास २०१८ च्या सुमारास प्रसिद्ध झाला. प्रयोगशाळेत विषाणू सापडला तो केवळ एका व्यक्तीत. मात्र १७ जणांना त्या पाच दिवसांत सर्दी, खोकला अशी लक्षणे दिसू लागली आणि त्यांना चिंपांझींपासून दूर ठेवण्यात आले. म्हणजे टळलेल्या १८ संभाव्य प्रसंगांपैकी १७ प्रसंग यंत्राने नव्हे, तर लक्षणांकडे ठेवलेल्या साध्या लक्षामुळे टळले.

आता येथे थोडे थांबून विचार करावा. घसा खवखवतो आहे हे दुसऱ्याला दिसत नाही. ते ज्याचे त्यालाच सांगावे लागते. हे सांगितल्याने जर कोणाचा रोज बुडणार असेल, तर तो सांगेल का? ताईची सारी व्यवस्था माझ्या मते या एका खिळ्यावर टांगलेली आहे. आजार लपवण्यात ज्याचा फायदा आहे, त्याच्यापुढे मुखपट्टी, फलक आणि तापमापक यांचा जोर फार चालत नाही. जंगल असो वा कारखाना, यात फरक पडत नाही, आणि म्हणूनच मला ही तुलना ओढूनताणून आणलेली वाटत नाही.

आणखी एक. विषाणूंची ओळख नसलेला जीव कारखान्यात नसेल, पण कामगाराच्या घरी असतो. आरएसव्हीने सहा महिन्यांच्या बाळाला काय होते, हे कोणत्याही मुलांच्या रुग्णालयात हिवाळ्यात दिसते. वृद्धांचीही तीच कथा आहे. किबालेच्या परिसरात उलट बाजूने पाहणी झाली, तेव्हा जंगलालगतच्या गावांतील लहान मुलांत हे श्वसनविषाणू मोठ्या प्रमाणात आढळले. घरातल्या मुलांकडून मोठ्यांकडे आणि मोठ्यांच्या अंगाखांद्यावरून जंगलात, अशी ती वाट असावी. आमच्याकडे हीच वाट असेंब्ली लाइनवरून पाळण्यापर्यंत जाते.

माकडांना खाऊ घालण्याविषयी गंगाघाट यांच्याशी मी पूर्ण सहमत आहे.

सातपूरचा कामगार प्रतिनिधी

बाईंनी दुखऱ्या नसेवर बोट ठेवले आहे, म्हणून लिहितो. २०२० मध्ये गेटवर कपाळाला तापमापक लावत तेव्हा कित्येकजण तापाची गोळी घेऊन अर्ध्या तासाने रांगेत उभे राहत. मी हे पाहिले आहे, आणि एकदा स्वतः केलेलेही आहे.

आपल्या ईएसआयच्या, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेच्या, नियमांकडे या दृष्टीने पाहावे. विमाधारक कामगाराला आजारपणात पगाराच्या ७० टक्के रक्कम वर्षाला ९१ दिवसांपर्यंत मिळू शकते, आणि त्याबद्दल तक्रार नाही. परंतु आजारपणाचे पहिले दोन दिवस त्यात धरले जात नाहीत. आधीच्या आजारपणाला पंधरा दिवस उलटले नसतील तरच ती अट लागू होत नाही. साध्या सर्दीत माणूस घरी राहणार किती दिवस? दोनच. आणि दुसऱ्यांना लागण होण्याचा धोका मोठा असतो तोही याच सुरुवातीच्या दिवसांत. ज्या दोन दिवसांत त्याने घरी थांबावे अशी आपली इच्छा आहे, नेमके तेच दोन दिवस बिनपगारी जातात. त्यावर हजेरी भत्ता गेला, म्हणजे एका पडशाची किंमत तीन-चार दिवसांच्या रोजाएवढी होते. कायम कामगाराच्या खात्यावर रजा तरी शिल्लक असते; ठेकेदाराच्या माणसाला दुसऱ्या दिवशी गेटवर आपल्या जागी दुसराच कोणी दिसण्याची भीती असते.

अंबडकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. टिपण काल सादर केले. त्यात चिंपांझींविषयी दोनच परिच्छेद ठेवले : एन्गोगो येथील २०५ पैकी २५, आणि ताईचे १८ पैकी १७. उरलेल्या टिपणात बंद पडलेल्या पाळीचा हिशेब मांडला, कारण व्यवस्थापनाला ती भाषा अधिक लवकर कळते. मागणी एवढीच केली की, सर्दी-तापाचे पहिले दोन दिवस भरपगारी धरावेत, त्यासाठी डॉक्टरांचे प्रमाणपत्र मागू नये, आणि त्या दोन दिवसांमुळे हजेरी भत्ता कापला जाऊ नये.

खोटे खोकणाऱ्यांचे काय, हा प्रश्न अपेक्षेप्रमाणे आलाच. त्यावर मी म्हटले की, चार महिने एका लाइनवर करून पाहू. खाडे वाढले तर नियम मागे घ्यावा. अडीच तासांच्या चर्चेनंतर मार्चअखेरपर्यंत तशी परवानगी मिळाली आहे.

सातपूरचा कामगार प्रतिनिधी

अभिनंदन. त्या लाइनवर ठेकेदाराची माणसे किती आहेत, आणि ती या सवलतीत धरली आहेत का?

अंबडकर

अकरा आहेत. अद्याप धरलेली नाहीत. सोमवारी पुन्हा बैठक आहे.