वाढलेला कढीपत्ता हलवायचाय, कधी आणि कसा? (कोल्हापूर)

कळंब्याची_वहिनी: सासूबाईंनी लावलेला कढीपत्ता आहे, आठ वर्षांचा. बुंधा मनगटाएवढा. नव्या खोलीचं जोतं तिथंच येतंय, म्हणून झाड मागं परड्यात न्यायचंय. मे चालू आहे. आत्ता काढू की पाऊस लागल्यावर? एका गड्याची मजुरी निघेल एवढाच खर्च जमेल.

राजारामपुरीकर: सरळ जेसीबी बोलवा. आमचा आंबा तसाच हलवला, आज ताठ उभा आहे. चार-साडेचार हजार गेले, पण काम एकदम चोख.

बावड्याचा_मळा: जेसीबीनं काळ्या मातीचा गड्डा फुटतो. मुळाची माती सुटली की झाड गेलं. मेमध्ये काढूच नका, पानं पाणी मागतात आणि तुटकी मुळं देऊ शकत नाहीत. मृगाचे दोन-चार चांगले पाऊस होऊ देत. तयारी मात्र आजच करा. बुंध्यापासून दीड फुटावर अर्ध्या गोलात चर मारा, मुळं धारदार कात्रीनं कापा, माती आणि कुजलेलं शेणखत भरा. तीन आठवड्यांनी उरलेला अर्धा गोल. गड्ड्यात बारीक मुळं फुटतात, झाड त्यांच्यावरच जगतं.

पन्हाळ्याकडचा: पावसाचंच काय एवढं? मी थंडीत हलवला, मस्त लागला.

बावड्याचा_मळा: थंडीत कढीपत्त्याची वाढ मंदावते दादा, मुळं धरायला वेळ लागतो. तुमचा लागला, चांगलंच झालं.

हिरवी_गच्ची: एवढा खटाटोप कशाला, नवीन रोप आणा. पण बघून. मला एका रोपवाटिकेनं गावरान म्हणून दिलं, पानाला वासच नाही! आमटीत घातलं काय न घातलं काय.

शाहूपुरी_काका: मी पण हेच म्हणतो, पावसातच हलवा. आणि ताक घाला, आमच्या झाडाला दर आठवड्याला घालतो. अशी पानं गल्लीत कुणाकडं नाहीत.

बावड्याचा_मळा: काका, ताक घालायचं ते मुळं धरलेल्या झाडाला. हलवलेल्याला पालवी फुटेपर्यंत ताक नको, युरिया तर नकोच. वहिनी, काढायच्या आदल्या दिवशी पाणी द्या, शेंडा निम्मा छाटा, गड्डा ओल्या गोणपाटात बांधा. बुंधा आधी होता तेवढाच मातीत राहू दे. आणि पाणी साचणारी जागा नको, २०२१ च्या पुरात आमचा कढीपत्ता मुळातून कुजला.

फुलेवाडी_माळी: भोवती फुटवे आहेत का? ते मुळावरूनच येतात. दोन-तीन मुळासकट काढून कुंडीत लावा. मोठं झाड दगा देईल, फुटवा सहसा देत नाही.

कळंब्याची_वहिनी: सगळ्यांचे आभार. फुटवे आहेत, पावसात काढते. झाड मात्र हलवत नाही. गवंडी जोतं दोन फूट आत घ्यायला तयार झाले. खोली लहान होईल, चालेल. सासूबाई रोज सकाळी त्याला पाणी घालतात.

राजारामपुरीकर: दोन फुटांसाठी खोली बारीक करणार? जेसीबीचं बघा अजून.

बावड्याचा_मळा: वहिनी, पाया खणताना त्या बाजूची मुळं तुटणारच. आधी कात्रीनं कापून घ्या, त्याच बेतानं शेंडा उतरवा, आणि सिमेंटचं पाणी बुंध्याकडं जाऊ देऊ नका.