मदत हवी आहे: तुरुंगातल्या बायकांच्या आपसातल्या नात्यांवर संशोधन, समितीने अडवलंय

अवंती_दादर: सोमवारी आराखडा परत द्यायचाय. नैतिकता समितीचा शेरा: "कैद्याची संमती ही संमती कशी?" मार्गदर्शक म्हणतात विषय बदल. मला बदलायचा नाही. असा विषय कुणी मंजूर करून घेतलाय का? काय लिहिलंत? लवकर सांगा प्लीज.

चिंचपोकळीकर: एमए की पीएचडी? कुठला तुरुंग, भायखळा? पुण्याच्या कारागृह मुख्यालयाची परवानगी आली का?

वकीलकाका: आधी ३७७ बघा, समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम. कलम असताना कोण तोंड उघडणार?

मेधा_क: काका, ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांचे संमतीचे संबंध त्यातून काढले. जुलै २०२४ पासून दंड संहितेच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेत ते कलमच नाही.

वकीलकाका: मान्य. पण तुरुंगातली भीती कायद्याने जात नाही. १९९४ मध्ये तिहारमध्ये कंडोम द्यायला प्रशासनाने नकार दिला, त्यातूनच ३७७ विरुद्धची याचिका दिल्ली उच्च न्यायालयात गेली.

आकडेमोड: नमुना ३० जणींच्या खाली नको. प्रश्नावली करा.

अवंती_दादर: प्रश्नावली नाहीये! आणि मी तुरुंगात जाणारच नाही. सुटून आलेल्या सहा जणींशी बोलणार आहे. एमए, मुलाखती.

मेधा_क: अगं, हे आधी सांगायचंस ना! मग तोच मुद्दा पहिल्या पानावर घे. आत अधिकाऱ्यांच्या हाताखाली असलेली बाई नाही म्हणू शकेल का, हा समितीचा प्रश्न आहे. बाहेर धोका वेगळा: सासर, शेजार, चालू खटला. सही न घेता तोंडी संमती, बराक आणि वर्ष बदलून लिहिणं, हे मांड. आधाराला रोज जियालोम्बार्दो या संशोधिकेचं १९६६ चं पुस्तक घे. अमेरिकेत अल्डरसनच्या तुरुंगात बायकांनी आख्खी कुटुंबं उभी केली होती, नवरा, बायको, आई, लेकी.

चिंचपोकळीकर: ते इथे कसं चिकटवणार? तिथल्या शिक्षा झालेल्या बायका. आपल्याकडे चारातले तीन कैदी कच्चे, म्हणजे खटला अजून चालू असलेले. आज शेजारी झोपलेली उद्या जामिनावर बाहेर. नातं जमायला वेळ तरी मिळतो का, हाच खरा प्रश्न.

मेधा_क: वेळ मिळत नाही हे कुणी सांगितलं? कच्च्या कैद्याची वर्षं जातात.

गिरणगाव: माझी मावशी चौदा महिने आत होती. तिथल्या एका बाईला भेटायला ती अजून दर महिन्याला कल्याणला जाते. "आम्ही एका ताटात जेवायचो" एवढंच सांगते. "समलिंगी" म्हणून विचारलंस तर ती उठून जाईल. ताट कुणाबरोबर, अंथरूण कुणाशेजारी, मुलाकातीला घरचं कुणी आलं नाही त्या दिवशी कुणी समजूत काढली, हे विचार.



अवंती_दादर: गिरणगाव, हे तीन प्रश्न आराखड्यात घालते. मावशी बोलतील का माझ्याशी? व्यनि (खाजगी निरोप) करू?

गिरणगाव: कर. पण आधी तिला विचारते. नाही म्हणाली तर परत विचारणार नाही.