हिंसाचार सांगणारी गोधडी गावासमोर कशी मांडावी?

गोदाकाठ (प्रश्न): २५ नोव्हेंबर ते १० डिसेंबर या स्त्रियांवरील हिंसाचारविरोधी सोळा दिवसांत आमच्या तालुक्यातील पाच बचत गट मिळून एक गोधडी शिवणार आहेत. नवऱ्याची मारहाण किंवा सासरचा जाच जिला तोंडाने सांगता येत नाही, तिने तो आपल्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यावर टाक्यांनी मांडावा आणि जोडलेली गोधडी आपापल्या ग्रामपंचायतीसमोर टांगावी, अशी कल्पना आहे. यातून गाव बोलू लागेल, की टाके घालणाऱ्या बाईवरच घरी राग निघेल, याची मला काळजी वाटते.

सातासमुद्रापार: ताई, १९९० साली अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्स राज्यातील हायानिस येथे, बायकांनी ३१ सदरे वाळत घालण्याच्या दोरीवर टांगले होते. धुणे वाळत घालताना शेजारणी एकमेकींशी बोलतात, म्हणून दोरी निवडली गेली. हिंसाचारात जीव गेलेल्या स्त्रीसाठी पांढरा सदरा आणि मारहाण सोसलेलीसाठी पिवळा, असे रंग ठरलेले असल्यामुळे कोणाचेही नाव न लिहिता पाहणाऱ्याला अर्थ कळत असे. आपल्याकडेही दोऱ्याचे रंग असे ठरवता येतील.

समुपदेशक: नाव झाकणे पुरेसे नाही, कारण गावात लुगडे ओळखले जाते. मी पाहिलेल्या एका प्रदर्शनात काठावरून बाई ओळखली गेली आणि त्या रात्री तिला घराबाहेर काढण्यात आले. ती गोष्ट मी अजून विसरू शकलेले नाही. म्हणून पाचही गटांनी कापड एकत्र करून आपसांत बदलून घ्यावे, अक्षरे टाळावीत, कारण हस्ताक्षरही ओळखू येते, आणि गोधडी कोणाच्याही गावात न टांगता तालुक्याच्या बाजारात मांडावी. तुकडा द्यायचा की नाही आणि दिलेला परत घ्यायचा की नाही, हे अखेरपर्यंत तिच्याच हाती राहू द्यावे.

याहून महत्त्वाचे म्हणजे गोधडीशेजारी मदत उभी असली पाहिजे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशात शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी केवळ १४ टक्के स्त्रियांनी मदत मागितली होती. कौटुंबिक हिंसाचाराच्या तक्रारींसाठी सरकारने नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्यांना आधी कळवून बोलवावे आणि महिला हेल्पलाईनचा १८१ हा क्रमांक मोठ्या अक्षरांत लावावा. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यात मारहाणीबरोबरच शिवीगाळ, मानसिक छळ आणि पैशांची अडवणूकही हिंसाचारात मोडते, हे बायकांना तिथेच समजावून सांगावे. शेजाऱ्यांनाही सांगावे की त्या कायद्याखाली कोणीही संरक्षण अधिकाऱ्याला माहिती देऊ शकतो आणि ती सद्हेतूने दिली असल्यास त्याच्यावर कोणतेही दायित्व येत नाही.

ओवीप्रेमी: जात्यावरच्या ओव्यांत सासुरवास पिढ्यान्‌पिढ्या गायला गेला आहे. शिवताना म्हाताऱ्या बायकांना त्या म्हणायला सांगा. ओवी सर्वांची असल्याने कोणा एकीवर बोट येत नाही.

गोदाकाठ: सर्वांची आभारी आहे. ग्रामपंचायतीसमोर टांगण्याचा बेत आम्ही सोडला आहे. कापडांची अदलाबदल येत्या बैठकीत करू आणि संरक्षण अधिकाऱ्यांची तारीख मिळाल्यावरच बाजारातली जागा ठरवू.