पडद्यावरचा इतिहास आणि कागदावरचा इतिहास : आपले अनुभव लिहा

दादर : धागा सुरू करताना

माझ्यासारख्या दादरच्या मुलाला इतिहास आधी पडद्यावर भेटला आणि पुस्तकात फार नंतर. प्लाझाच्या अंधारात ज्या लढाया श्वास रोखून पाहिल्या, त्याच पुढे बखरींत आणि पत्रांत वाचताना कधी मन भरून आले, तर कधी आपली फसवणूक झाली असेही वाटले. म्हणून सर्वांना विनंती आहे की आपल्या आवडीचा ऐतिहासिक चित्रपट सांगावा, मग तो शिवकाळातला असो, मुघल दरबारातला असो किंवा मध्ययुगीन युरोप-जपानातला असो. आणि त्यातले काय खरे निघाले, काय खोटे निघाले आणि ते आपल्याला कसे कळले, हेही लिहावे. माझे मत आधीच नोंदवून ठेवतो. कागदपत्रे जिथे गप्प आहेत, तिथे कल्पना लढवण्याचा दिग्दर्शकाला पूर्ण हक्क आहे. पण ती जिथे स्पष्ट बोलतात, तिथे त्यांचे तोंड दाबण्याचा हक्क कोणालाही नाही.

गिरगाव : मराठीची निवृत्त शिक्षिका

माझा चित्रपट म्हणजे प्रभातचा १९३६ सालचा ‘संत तुकाराम’. दामले आणि फत्तेलाल यांनी तो दिग्दर्शित केला आणि १९३७ साली तो व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला, हे बहुतेकांना ठाऊक असेल. मला सांगायचे आहे ते ‘आधी बीज एकले’ या पदाविषयी. मी जवळजवळ अकरा वर्षे हे पद तुकोबांचा अभंग म्हणून वर्गात म्हणून दाखवत होते. एका वर्षी आठवीतली एक मुलगी घरची गाथा दप्तरात घालून घेऊन आली. गाथा जुनी होती, पुठ्ठ्याला खाकी कागदाचे आवरण होते, आणि शेवटच्या अभंगसूचीच्या पानांवर तिच्या आजोबांनी पेन्सिलीने खुणा केल्या होत्या. ती मला म्हणाली, “बाई, ‘आ’मध्ये तर हा अभंग सापडत नाही.” मधल्या सुट्टीत आम्ही दोघींनी सूचीवरून दोनदा बोट फिरवले. पद नव्हतेच. पुढे कळले की ते शांताराम आठवले यांनी या चित्रपटासाठी लिहिले होते आणि ते तुकोबांचेच असावे असे भल्याभल्यांना वाटले होते.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात माझी चूक दुरुस्त केली. तरी त्या पदाविषयी माझ्या मनात कधी राग आला नाही. आठवल्यांनी तुकोबांचा छंद, त्यांची शेतातली आणि घरातली प्रतिमा, त्यांचा साधेपणा इतका आत मुरवून घेतला होता की ती रचना खोटी वाटावी असा एकही शब्द तिच्यात नाही. या चित्रपटातले चमत्कार इतिहास म्हणून कोणी मांडू नयेत. मात्र आजारी मुलाला घेऊन देवळात जाणारी आणि संतापाने पायातले पायताण हातात घेऊन विठोबालाच जाब विचारणारी आवली पाहताना, सतराव्या शतकातल्या देहूच्या एका गांजलेल्या संसाराची जी ओळख होते, ती मला कोणत्याही चरित्रग्रंथात इतक्या जवळून झाली नाही.

मुंबई सेंट्रल

५ ऑगस्ट १९६० रोजी ‘मुघल-ए-आझम’ मराठा मंदिरात लागला तेव्हा माझे वडील तिकिटासाठी रांगेत उभे होते, आणि ही गोष्ट त्यांनी आम्हाला आयुष्यभर सांगितली. मी स्वतः तो २००४ मध्ये रंगीत होऊन पुन्हा लागला तेव्हा मोठ्या पडद्यावर पाहिला. अनारकलीचा उल्लेख ‘अकबरनामा’त नाही आणि जहांगीरच्या आत्मचरित्रातही नाही, तिची गोष्ट १६११ च्या सुमारास लाहोरला आलेल्या विल्यम फिंच या इंग्रज व्यापाऱ्याच्या लेखनापासून पुढे फिरत आली. हे मी वाचले तेव्हा वडील हयात होते. त्यांना सांगावे की नाही, या विचारात मी दोन आठवडे घालवले. शेवटी सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “मग सलीमने बंड केले होते की नाही?”

बंड केले होते. पण ते कोणा नर्तकीसाठी नव्हते, तर गादीसाठी होते. सलीमने अलाहाबादला स्वतःचा दरबार मांडला, आणि १६०२ मध्ये अकबराचा जिवलग सहकारी अबुल फझल याला वीरसिंह बुंदेल्याकडून ठार करवले. चित्रपटात बाप आणि मुलगा रणांगणात समोरासमोर उभे राहतात, तशी लढाई मात्र झाली नाही. मला आजही असे वाटते की मित्राच्या खुनाची बातमी ऐकणारा म्हातारा अकबर हा प्रसंग, त्या शीशमहालाइतकाच मोठ्या पडद्याच्या तोलाचा होता आणि तो कोणीतरी करायला हवा होता.

गोरेगाव : वेशभूषा विभागात काम केलेला एक कामगार

मी चित्रनगरीत आणि बाहेर सव्वीस वर्षे ऐतिहासिक मालिका-चित्रपटांचे कपडे सांभाळले. प्रेक्षकांना लढाईतल्या चुका दिसतात, आम्हाला शिवणीतल्या दिसतात. पगडी ही बांधायची वस्तू आहे. आमच्याकडे ती शिवून, आत स्पंज लावून, टोपीसारखी तयार येते, कारण दीडशे ज्युनियर आर्टिस्टना सकाळी सहाच्या शिफ्टला एकेक पगडी बांधत बसायला वेळ नसतो. त्यामुळे सगळ्या मावळ्यांच्या डोक्यावर एकसारखी घडी येते, आणि खऱ्या सैन्यात ती तशी कधीच नसणार. जामा बांधण्याचेही तसेच आहे. मुघल काळातल्या चित्रांत हिंदू माणसाचा जामा डावीकडे आणि मुसलमान माणसाचा उजवीकडे बांधलेला साधारणपणे दिसतो. ही गोष्ट मला एका म्हाताऱ्या मास्टरजींनी शिकवली, आणि तेव्हापासून मी नाडी कोणत्या बाजूला आहे हे पाहिल्याशिवाय कोणालाही कॅमेऱ्यासमोर सोडले नाही.

एक प्रसंग मनाला लागून राहिला आहे. शिवकाळातल्या एका वाड्यातल्या स्वयंपाकघराचा सेट होता. चूल, उखळ, तांब्याची घंगाळी, सगळे नीट जमवलेले होते, आणि भाजीच्या टोपलीत लालभडक टोमॅटो होते. मी आर्टवाल्या मुलाला म्हटले, “दादा, ते उचलून घे, टोमॅटो आपल्याकडे इंग्रजांच्या अमदानीत रुळला.” त्याने लगेच उचलले. थोड्या वेळाने वरून कोणीतरी सांगितले की फ्रेममध्ये लाल रंग हवा आहे, आणि टोमॅटो परत आले. टोपलीत लाल मिरच्या ठेवल्या असत्या तरी रंगाचे काम झाले असते, कारण मिरची पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकातच येऊन पोचली होती. मी तेही सांगितले होते. त्या दिवशी घरी जाताना लोकलमध्ये मला फार वाईट वाटले. अडचण पैशाची नव्हती, वेळेचीही नव्हती. फक्त ऐकून घ्यायला कोणी तयार नव्हते.

मुलुंड

आमचा गट दर पावसाळ्यात पन्हाळा ते पावनखिंड चालत जातो, त्यामुळे २०२२ सालचा ‘पावनखिंड’ मी पायांनी पाहिला असे म्हटले तरी चालेल. जुलै १६६० मधल्या त्या रात्री महाराज सिद्दी जौहरच्या वेढ्यातून निसटले आणि घोडखिंडीत बाजीप्रभूंनी शत्रूला रोखून धरले, हा गाभा चित्रपटाने श्रद्धेने सांभाळला आहे. पडद्यावर जे येऊ शकत नाही ते म्हणजे अंतर. आम्ही दोन दिवस घेतो, पायात चांगले बूट असतात, पाठीवर प्लॅस्टिकने गुंडाळलेले कोरडे कपडे असतात, तरी दुसऱ्या दिवशी दुपारी चिखलातून पाय उचलवत नाही. त्या माणसांनी ती वाट एका रात्रीत, पालखी खांद्यावर घेऊन, भर पावसात कापली आणि त्यानंतर ते लढायला उभे राहिले.

‘तान्हाजी’विषयी थोडक्यात लिहितो. ४ फेब्रुवारी १६७० च्या कोंढाण्याच्या लढाईला एका अजस्र तोफेची जोड देण्याची गरज नव्हती. रात्रीच्या अंधारात कडा चढून जाण्यात काय कमी थरार आहे? आणि ‘गड आला पण सिंह गेला’ या उद्गारामुळे गडाला सिंहगड हे नाव पडले असे आपण सर्वजण मानतो. पण ते नाव त्या लढाईच्या आधीच्या पत्रव्यवहारातही आढळते, हे वाचल्यावर मी स्वतः बराच काळ अस्वस्थ होतो. तानाजींचे मोल त्यामुळे तसूभरही कमी होत नाही.

चेंबूर : निवृत्त अभियंता

मुलुंडकरांचे वाचून मला शिवा काशीद आठवले, आणि त्यांच्यामुळे अकिरा कुरोसावांचा ‘कागेमुशा’ (१९८०) आठवला. पन्हाळ्याहून महाराजांच्या वेशात दुसऱ्या पालखीत बसून गेलेला तो माणूस ओळखला जाऊन मारला गेला. ‘कागेमुशा’मध्ये जपानी सरदार ताकेदा शिंगेन मरण पावतो आणि त्याच्यासारख्या दिसणाऱ्या एका चोराला त्याच्या जागी बसवले जाते. तो तोतया कल्पित आहे. मात्र शिंगेन १५७३ मध्ये वारला, आपला मृत्यू तीन वर्षे लपवावा अशी त्याची इच्छा होती असे त्या घराण्याच्या जुन्या ग्रंथात म्हटले आहे, आणि १५७५ मध्ये नागाशिनोला बंदुकींपुढे ताकेदांच्या सैन्याचा धुव्वा उडाला, हे सगळे इतिहासातलेच आहे. कल्पनेला नेमकी किती जागा द्यावी, याचा इतका चांगला नमुना मी दुसरा पाहिलेला नाही. आपल्याकडे शिवा काशीद नेहमी दोन मिनिटांत येऊन जातात. पालखीत बसल्यापासून पकडले जाईपर्यंत त्या माणसाच्या मनात काय चालले असेल, यावर कागदपत्रे गप्पच आहेत, आणि म्हणूनच तिथे एक संपूर्ण चित्रपट मावतो.

वांद्रे : इतिहासाची प्राध्यापिका

मी महाविद्यालयात मध्ययुगीन युरोप शिकवते. इंग्रजांविरुद्ध लढलेल्या स्कॉटलंडच्या विल्यम वॉलेसवरचा ‘ब्रेव्हहार्ट’ (१९९५) पाहून येणाऱ्या मुलांना मला दर वर्षी तीन गोष्टी सांगाव्या लागतात. स्टर्लिंगची १२९७ ची लढाई ज्या अरुंद पुलामुळे जिंकली गेली, तो पूलच चित्रपटात नाही. तेराव्या शतकातले स्कॉट लोक तसे किल्ट घालत नसत. आणि ज्या राजकन्या इझाबेलाशी वॉलेसचे प्रेम दाखवले आहे, ती १३०५ मध्ये वॉलेसला मारले तेव्हा फ्रान्समध्ये होती आणि जेमतेम दहा वर्षांची होती. ‘किंगडम ऑफ हेवन’मध्ये (२००५) उलट घडले. चित्रपटाचा नायक बालियान हा लोहार नव्हता, मुळातच मोठा उमराव होता. पण ११८७ मध्ये सलाउद्दीनच्या वेढ्यात जेरुसलेममध्ये लढणारे उरले नाहीत तेव्हा तो तिथल्या माणसांना नाइट (सरदार-योद्धा) करतो, तो प्रसंग मला शुद्ध फिल्मी वाटला होता. त्याला जुन्या वृत्तांतांचा आधार निघाला.

माझा सर्वांत आवडता मात्र कार्ल ड्रायर यांचा ‘द पॅशन ऑफ जोन ऑफ आर्क’ (१९२८) हा मूकपट आहे. फ्रान्सची वीरकन्या जोन हिच्यावरचा १४३१ चा खटला न्यायालयीन नोंदींत उतरलेला आहे, आणि चित्रपटातली प्रश्नोत्तरे त्या नोंदींवर उभी आहेत. तू ईश्वरी कृपेत आहेस काय, असा पेच टाकला जातो तेव्हा ती एकोणीस वर्षांची निरक्षर मुलगी म्हणते की नसेन तर देवाने मला तिथे न्यावे आणि असेन तर तिथेच ठेवावे. हे उत्तर कोणा पटकथाकाराने रचलेले नाही. वर्गात ते वाचून दाखवले की मागच्या बाकावरची कुजबुजसुद्धा थांबते.

वडाळा

‘बाजीराव मस्तानी’ मला देखणा वाटला, पण रावेरखेडीला नर्मदेकाठची बाजीरावांची समाधी पाहिल्यापासून तो मला पुन्हा पाहवला नाही. २८ एप्रिल १७४० रोजी उन्हाळ्यात, मोहिमेवर असताना, तापाने गेलेला चाळिशीही न गाठलेला माणूस. याहून अधिक काही दाखवायची गरज नव्हती. काशीबाई आणि मस्तानी यांचे एकत्र नृत्य तर पेशव्यांच्या घरच्या रीतीत कुठेच बसत नाही.

माहीम

माझ्या दहा वर्षांच्या मुलाला ‘जोधा अकबर’ अतिशय आवडतो. जहांगीरच्या आईची पदवी मरियम-उझ-झमानी होती, ती आमेरच्या राजा भारमलची मुलगी होती, आणि जोधपूरची राजकन्या ही अकबराची सून होती, हे मी त्याला समजावून सांगितले तेव्हा तो थोडा हिरमुसला. म्हणून एका रविवारी त्याला छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात घेऊन गेले. तिथे अकबराचे पोलादी चिलखत आहे, १५८१ सालचे, अक्षरे कोरलेले. मुलगा काचेला नाक लावून उभा राहिला आणि हात पसरून त्याची रुंदी मोजू लागला. “आई, तो खरंच एवढा होता?”

घरी आल्यावर मी त्याला जहांगीरने आपल्या वडिलांविषयी जे लिहून ठेवले आहे ते वाचून दाखवले. अकबर मध्यम उंचीचा, किंचित उंचीकडे झुकणारा होता, वर्ण गव्हाळ होता, छाती रुंद होती, आणि नाकाच्या डाव्या बाजूला अर्ध्या वाटाण्याएवढा एक मस होता. रात्री जेवण झाल्यावर मुलाने चित्रपट पुन्हा लावला, अकबराचा चेहरा जवळून दिसताच तो थांबवला, आणि उठून पडद्यापाशी जाऊन नाकाच्या डाव्या बाजूला काय आहे ते बारकाईने पाहू लागला.